वनौषधी, लोकपरामर्श आणि वैद्य : जैवविविधता कायद्याच्या निमित्ताने एक अभ्यास

प्रास्ताविक

रुग्णपरीक्षेत दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षांचा आपण नित्य उपयोग करतो. यांपैकी प्रश्नपरीक्षेचे एक वैशिष्ट्य असे की, प्रश्न कोणास विचारला यावर निदानाची अचूकता फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. तान्ह्या बालकाच्या व्याधीत मातेस विचारावे लागते. मूर्च्छित रुग्णाच्या बाबतीत त्याच्याजवळ असणाऱ्यास विचारावे लागते. योग्य व्यक्तीस विचारले नाही, तर पुढील सर्व चिकित्सा शास्त्रशुद्ध असूनही निष्फळ ठरण्याचा संभव असतो.

शासन जेव्हा एखाद्या कायद्याच्या मसुद्यावर उद्योगांची व सामान्य जनांची मते मागविते, तेव्हा तीही एक प्रश्नपरीक्षाच असते. देशी वने आणि त्यांतील औषधी द्रव्ये यांच्या व्यवस्थापनाविषयी अशी परीक्षा २०२१ ते २०२४ या काळात झाली. तिचा परिणाम म्हणून नोंदणीकृत आयुर्वेद व्यावसायिकांना कायद्यात स्पष्ट शब्दांत सूट मिळाली. परंतु ही सूट नेमकी कशापासून आहे, ती कोणाच्या मागणीवरून आली आणि तिच्यासोबत आपल्यावर कोणते उत्तरदायित्व येते, याची चर्चा वैद्यवर्तुळात अल्पच झाली. प्रस्तुत लेखात आम्ही हा विषय क्रमाने मांडत असून, वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यातील धनज या आमच्या गावाच्या परिसराचे उदाहरण त्यासाठी घेतले आहे. ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या कोणाही वैद्यास ते आपल्या गावी पडताळून पाहता येईल.

शास्त्राधार

द्रव्याच्या ओळखीसाठी कोणास विचारावे, याविषयी आपल्या संहिता मौन बाळगत नाहीत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात असे सांगितले आहे की, शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी लोक औषधींना नामाने व रूपाने जाणतात. सुश्रुताचार्यांनीही गोपालक, तापस, व्याध आणि कंदमुळांवर राहणारे वनचर यांच्याकडून औषधींची ओळख करून घ्यावी, असे सांगितले आहे. केवळ नामरूपज्ञानाने वैद्य होत नाही, त्यास योगज्ञानही हवे, हे चरकाचार्य लगेच पुढे स्पष्ट करतात. म्हणजे योगज्ञान वैद्याचे आणि नामरूपज्ञान वनवासीयाचे, अशी ही ज्ञानाची वाटणी आहे व दोन्ही ज्ञाने एकत्र आल्याखेरीज औषध सिद्ध होत नाही.

दुसरा आधार विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाचा. कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी विचरण करीत असता पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वी औषधींचा संग्रह करावा. कारण पुढे त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव टिकणार नाहीत. याच अध्यायात वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीचे मूळ अधर्मात असल्याचे सांगताना आचार्यांनी तीन घटकांचा निर्देश केला आहे : देश-नगरांचे प्रमुख, त्यांच्या आश्रयाने राहणारे नगर व जनपदातील लोक, आणि व्यापारावर उपजीविका करणारे. आजच्या भाषेत शासन, जनता आणि उद्योग हेच ते तीन घटक होत. वनांच्या व्यवस्थापनाविषयीच्या परामर्शात हेच तिघे समोरासमोर येतात, ही गोष्ट मननीय आहे.

२००२ चा कायदा व त्यातील वैद्याचे स्थान

जैविक विविधता अधिनियम २००२ मध्ये संमत झाला आणि त्याचे केंद्रीय नियम २००४ मध्ये आले. या कायद्याने तीन स्तरांची रचना केली. राष्ट्रीय स्तरावर जैवविविधता प्राधिकरण, राज्य स्तरावर जैवविविधता मंडळ आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती. महाराष्ट्राचे राज्य मंडळ २०१२ मध्ये स्थापन झाले व त्याचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

कायद्याच्या कलम ७ अन्वये भारतीय नागरिकाने अथवा संस्थेने व्यापारी उपयोगासाठी जैविक द्रव्य घेण्यापूर्वी राज्य मंडळास सूचना देणे बंधनकारक करण्यात आले. स्थानिक लोक, उत्पादक शेतकरी आणि देशी वैद्यकाचा व्यवसाय करणारे वैद व हकीम यांना मात्र मूळ कायद्यातच त्यातून वगळले होते. 'वैद' या शब्दात पदवीधर, नोंदणीकृत चिकित्सक येतो की केवळ परंपरागत जाणकार, हा प्रश्न शिल्लक राहिला.

आणखी दोन तरतुदी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. कलम ४१ मध्ये असे म्हटले होते की, एखाद्या समितीच्या क्षेत्रातील जैविक द्रव्यांच्या वापराविषयी निर्णय घेताना प्राधिकरणाने व राज्य मंडळाने त्या समितीशी परामर्श करावा. २००४ च्या नियमांत समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही तयार करण्याचे काम सोपविले होते, तसेच जैविक द्रव्यांचा उपयोग करणाऱ्या स्थानिक वैद्यांची माहिती ठेवण्याचेही. अर्थात, गावपातळीवरील परामर्शात वैद्याचे नाव कायदा करणाऱ्यांच्या मनात प्रारंभापासून होते.

या समित्या देशभर कागदावर येण्यास दीर्घ काळ लागला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ३१ जानेवारी २०२० ही अंतिम मुदत घालून दिल्यावर कामास वेग आला. वेगाने केलेल्या नोंदवह्यांचा जो दोष असतो तो येथेही संभवतो : शेजारच्या गावाची यादी उतरवून आपल्या गावाची नोंदवही पूर्ण होते. म्हणून प्रत्येक वैद्याने आपल्या गावाची नोंदवही प्रत्यक्ष पाहणे अगत्याचे आहे.

वाद कसा उत्पन्न झाला

कायद्याचा गाभा म्हणजे लाभाचे न्याय्य वाटप. ज्या भूमीतून द्रव्य आले, त्या भूमीच्या रक्षणकर्त्या समाजास त्या द्रव्यापासून होणाऱ्या लाभाचा काही अंश मिळावा, हे तत्त्व. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याचे प्रमाण ठरविले. उत्पादनाच्या विक्रीवर वाटा द्यावयाचा असल्यास तो उलाढालीनुसार ०.१ ते ०.५ टक्का इतका होता.

भारतीय कंपन्यांवर हे बंधन आहे की केवळ विदेशी कंपन्यांवर, असा वाद उत्पन्न झाला. उत्तराखंड मंडळाने हरिद्वार येथील दिव्य फार्मसीकडे सुमारे दोन कोटी रुपयांची मागणी केली असता प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २१ डिसेंबर २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भारतीय उद्योगांनाही लाभाचा वाटा द्यावा लागेल. या निर्णयानंतर औषधनिर्मात्यांची चिंता वाढली.

उद्योगाची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, त्रिफळा चूर्ण किंवा च्यवनप्राश यांचे ज्ञान ग्रंथांत आहे, ते कोणा एका गावाचे नाही. कच्चा माल अनेक हातांतून येतो. तो कोणत्या रानातला हे लहान निर्मात्यास सांगता येत नाही. शिवाय कायद्याच्या भंगास कारावासाची शिक्षा असल्याने अनवधानाने झालेल्या चुकीसही फौजदारी स्वरूप येत होते. या आक्षेपांत तथ्यांश होता.

२०२१ ते २०२४ : परामर्शाचा क्रम

१६ डिसेंबर २०२१ रोजी दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडण्यात आले. त्याच्या उद्देशपत्रात असे नमूद होते की, भारतीय वैद्यक, बियाणे, उद्योग व संशोधन या क्षेत्रांतील संबंधितांनी नियमांचा भार हलका करण्याची मागणी केली होती. विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले. डॉ. संजय जयस्वाल हे तिचे अध्यक्ष होते. समितीने सूचना मागविल्या, विविध पक्षांचे म्हणणे ऐकले आणि २ ऑगस्ट २०२२ रोजी अहवाल सादर केला. २५ जुलै २०२३ रोजी लोकसभेने व १ ऑगस्ट २०२३ रोजी राज्यसभेने विधेयक संमत केले. सुधारित कायदा १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. नवे नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचित होऊन २२ डिसेंबर २०२४ पासून अमलात आले.

या क्रमात एक गोष्ट लक्षात घ्यावी. केंद्र शासनाच्या २०१४ च्या पूर्वपरामर्श धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. विधेयकाच्या मांडणीपूर्वी असा व्यापक परामर्श झाला नाही, असा आक्षेप पर्यावरण क्षेत्रातील संस्थांनी घेतला. म्हणजे मसुदा घडत असताना उद्योगाचे म्हणणे त्यात उमटले, आणि इतरांना विचारणा झाली ती मसुदा सिद्ध झाल्यावर. रोगाचे नाव आधी निश्चित करून मग रुग्णास लक्षणे विचारावीत, तसा हा प्रकार होतो.

भाषेचा प्रश्नही असाच. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर मते मागविली असता दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढविली आणि मसुद्याचे भाषांतर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये करण्याचा आदेश दिला. ज्या लोकांच्या भूमीविषयी प्रश्न आहे, त्यांना तो प्रश्न त्यांच्या भाषेत कळला पाहिजे, हे तत्त्व त्या निमित्ताने पुढे आले. डिंक गोळा करणाऱ्या मजुराकडून इंग्रजी मसुद्यातील कलमांवर लेखी अभिप्रायाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

काय मिळाले, काय निसटले

सुधारित कायद्याने पुढील गोष्टी केल्या. पहिली, वैद व हकीम यांच्यासह उपजीविकेसाठी देशी वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना सूट मिळाली. दुसरी, संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या उपयोगास सूट मिळाली. तिसरी, लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना सूट मिळाली. मात्र त्यासाठी जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून उगमाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. चौथी, कारावासाऐवजी एक लाख ते पन्नास लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. पुढे २०२५ च्या विनियमांनी लहान उलाढालीच्या निर्मात्यांना लाभवाटपातूनही मोकळे केले.

लहान औषधनिर्मात्यास व वैद्यास यातून दिलासा मिळाला, हे मान्य केले पाहिजे. स्वतःच्या रुग्णांसाठी अडुळशाचा काढा करणाऱ्या चिकित्सकाने मंडळास पत्र लिहावे, अशी अपेक्षा कोणीही करू नये.

परंतु दुसऱ्या सुटीवर आपण वैद्य म्हणून विचार केला पाहिजे. 'संहिताबद्ध ज्ञान' म्हणजे आपलेच ग्रंथ. योग ग्रंथात आहे म्हणून लाभवाटप नाही, असा त्याचा अर्थ होतो. येथे ज्ञान व द्रव्य यांची गल्लत होते. भल्लातकाचे रसायन ग्रंथात आहे हे खरे. बिब्बा मात्र रानातूनच आणावा लागतो. ग्रंथाने योगाचा स्रोत सांगितला, फळ तोडणाऱ्याचे श्रम व रान राखणाऱ्याचा संयम यांचे मोल त्याने संपत नाही. विदर्भात व मराठवाड्यात बिब्बा फोडून गोडंबी काढण्याचे काम मुख्यत्वे स्त्रिया करतात आणि त्या तेलाने त्यांच्या हातांवर व्रण उठतात, हे आपण चिकित्सालयात पाहतो. त्यांचे हात बरे करणे हे आपले काम आहेच. त्यांचे म्हणणे कायद्याच्या मसुद्यापर्यंत पोचविणे हेही आपल्याच आवाक्यातले आहे.

आणखी एक सूक्ष्म बदल असा की, लाभाच्या अटी ठरविताना पूर्वी स्थानिक संस्था व लाभाचे हक्कदार यांचा उल्लेख होता. सुधारणेनंतर राष्ट्रीय स्तरावर समितीच्या वतीने प्राधिकरण बोलते. म्हणून गावची समिती जितकी सजग व तिची नोंदवही जितकी पक्की, तितकाच तिचा आवाज वर पोचेल.

सुटीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ही सूट जैवविविधता कायद्यापुरती आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ यांची बंधने तशीच लागू राहतात. अभयारण्यातून परवानगीविना द्रव्य आणण्याचा अधिकार वैद्यास मिळालेला नाही.

धनज परिसराचा विचार

'वन' म्हटले की मेळघाट किंवा गडचिरोलीचे चित्र डोळ्यांसमोर येते. धनज परिसरात तसे निबिड अरण्य नाही. तालुक्यात कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठी प्रसिद्ध असलेले गवताळ अभयारण्य आहे. बाकी भूभाग म्हणजे सोयाबीन, तूर व कापसाची शेती, ई-वर्गाच्या जमिनी, ओढ्याकाठचे पट्टे आणि शेतांचे धुरे. तेव्हा वनव्यवस्थापनाशी येथील वैद्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील.

त्याचे उत्तर आकड्यांत आहे. वेद व गोराया यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार वर्षाला शंभर टनांहून अधिक व्यापार असलेल्या १७८ औषधी वनस्पतींपैकी ७० उष्ण कटिबंधीय वनांतून, २१ समशीतोष्ण वनांतून आणि ४६ पडीक जमिनी व रस्त्याकडेच्या भागांतून मुख्यतः येत होत्या. लागवडीतून येणाऱ्या केवळ ३६ होत्या, तर ५ आयात होत. त्याच अभ्यासकांच्या २०१७ च्या अहवालात व्यापारातील वनस्पतींची संख्या ११७८ आणि शंभर टनांवरील वनस्पतींची संख्या २४२ नोंदली आहे. म्हणजे ज्यास आपण पडीक म्हणतो, त्या भूमीचा औषधिपुरवठ्यात वाटा मोठा आहे.

गोक्षुर, पुनर्नवा, अपामार्ग, भृंगराज, भूम्यामलकी, कंटकारी, चक्रमर्द ही द्रव्ये धुऱ्यांवरची व गायरानातली आहेत. ज्यास आपल्याकडे तरोटा म्हणतात तो चक्रमर्द पावसाळ्याच्या आरंभी भाजी म्हणूनही खाल्ला जातो. पळस, बेल, निंब, करंज हे वृक्ष गावाच्या परिघातले, आणि गुळवेल त्यांच्याच आधाराने वाढणारी. सोयाबीनच्या पिकासोबत तणनाशकाचा वापर वाढला आणि धुरेही फवारले जाऊ लागले. जे फवारणीत जळते, त्यातील पुष्कळ आपल्या निघंटूंत गुणकर्मांसह वर्णिलेले आहे. गायरानावर अतिक्रमण झाले अथवा ते अन्य कामास दिले गेले, तर ग्रामसभेत चराईचा विषय निघतो, औषधींचा निघत नाही; कारण त्या सभेत औषधींच्या वतीने बोलणारा कोणी नसतो.

स्थानिक जाणकारी किती मोलाची असते, याचे उदाहरणही जिल्ह्यातच आहे. तणमोर या दुर्मीळ पक्ष्याच्या व गवताळ रानाच्या रक्षणासाठी 'संवेदना' या संस्थेने फासेपारधी समाजासोबत काम केले. पिढ्यान्‌पिढ्या शिकारीमुळे पक्ष्याच्या सवयी जाणणारा समाज त्याच्या रक्षणाचा आधार झाला. सुश्रुताचार्यांनी व्याधास विचारावे असे का म्हटले, हे यावरून उमगते.

गुळवेलीचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. २०२० व २०२१ मध्ये साथीच्या काळात तिची मागणी अकस्मात वाढली. नंतर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी काही रुग्णांत यकृतविकृतीची नोंद प्रसिद्ध केली आणि तिच्या कारणांवरून वाद झाला. आयुष मंत्रालयाने गुडूची व तिच्यासारख्या दिसणाऱ्या अन्य जाती यांतील भेदाकडे लक्ष वेधले. वादाचा निर्णय काहीही असो, मागणी वाढली की ओळख न पटवता वेली ओढल्या जातात, हे मान्य करावेच लागेल. ओळख पटविणारा माणूस गावात आहे. व्यापाराच्या साखळीत त्याच्या ज्ञानास किंमत नाही. द्रव्याची शुद्धता आणि संग्राहकाचा सन्मान हे दोन प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

परामर्शाचा एक आदर्श : मेंढा (लेखा)

गावाने स्वतः परामर्श कसा करावा, याचे उदाहरण विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने घालून दिले आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्यात औषधी वनस्पती, कंदमुळे, मध, डिंक इत्यादी गौण वनोपजांवर पारंपरिक संग्राहकांचा मालकी हक्क मान्य करण्यात आला. त्या कायद्यान्वये २००९ मध्ये मेंढा गावास सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

या यशामागे एक पद्धती होती. गावात अभ्यासगट असे. एखाद्या प्रश्नावर गावकरी व बाहेरचे जाणकार एकत्र बसून माहिती तपासत. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. जाणकाराने माहिती द्यावी, निर्णय गावाने घ्यावा, अशी ही मर्यादा होती. वैद्याने आपल्या गावी हीच भूमिका घ्यावी, असे आम्हांस वाटते. पदवी आहे म्हणून गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. गावास बोलता यावे इतकी माहिती पुरविणे हे आपले काम.

सूचना कशी लिहावी

पुढील काळातही मसुदे येतच राहतील. अभयारण्याभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरविताना मसुदा अधिसूचनेवर आक्षेपांसाठी साठ दिवस मिळतात. मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी जिल्ह्यातच होते. अशा वेळी 'आमचा विरोध आहे' किंवा 'आमचा पाठिंबा आहे' एवढ्यावर भागत नाही. रुग्णपत्रक लिहिताना आपण जो क्रम पाळतो, तोच येथे उपयोगी पडतो.

१. परिचय : आपण कोण, कोठे व किती वर्षे व्यवसाय करतो, याचे दोन ओळींत निवेदन.
२. स्थान : मसुद्यातील कोणत्या कलमाविषयी बोलत आहोत, त्याचा स्पष्ट क्रमांक.
३. लक्षण : त्या कलमामुळे प्रत्यक्ष काय घडेल, हे आपल्या परिसरातील एका द्रव्याच्या उदाहरणाने. जसे, 'बिब्ब्याचे फळ अमुक रानातून अमुक महिन्यात गोळा होते व ते अमुक लोक करतात.'
४. हेतू : असे का घडेल, याचे कारण.
५. उपाय : कलमात कोणता शब्द घालावा, गाळावा वा बदलावा, याचे नेमके वाक्य.

पत्र एक-दोन पृष्ठांचे असावे, मुदतीपूर्वी पाठवावे व त्याची प्रत आणि पोच जपून ठेवावी. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी. ज्या संग्राहकांच्या वतीने लिहितो, त्यांना ते पत्र मराठीत वाचून दाखवावे आणि त्यांनी सुचविलेली दुरुस्ती करूनच पाठवावे.

गावातील कार्य

मसुदा येण्याची वाट न पाहता करण्याजोगी कामेही आहेत. ग्रामपंचायतीत जाऊन जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सदस्य कोण आहेत हे विचारावे आणि लोक जैवविविधता नोंदवही पाहावी. तिच्यात औषधींची नावे संस्कृत व स्थानिक अशी दोन्ही आहेत काय, स्थान व ऋतू लिहिले आहेत काय, हे तपासावे. चरकाचार्यांनी कल्पस्थानात मूळ, त्वचा, कंद, पत्र, सार यांच्या संग्रहाचे भिन्न ऋतू सांगितले आहेत. ते नियम नोंदवहीत स्थानिक द्रव्यांना लावून लिहिले, तर ती नोंदवही केवळ यादी न राहता संग्रहाची शिस्त होईल. साल काढताना खोडाला पूर्ण वलय पाडू नये, वेल मुळासकट ओढू नये, बीजासाठी काही झाडे राखावीत, हे नियम समितीच्या ठरावात येऊ शकतात.

लागवड करणाऱ्या शेतकऱ्यास उगमाचे प्रमाणपत्र समितीकडूनच मिळणार असल्याने द्रव्याची ओळख पटविण्यास समितीला जाणकाराची गरज पडणार आहे. ही सेवा वैद्याने विनामूल्य द्यावी. रानातून आणलेला माल लागवडीचा म्हणून दाखविला जाऊ नये, यावरही त्यामुळे लक्ष राहील.

शंका-समाधान

हे राजकारण नव्हे काय, अशी एक शंका येते. पक्ष व निवडणूक यांपासून दूर राहून हे कार्य करता येते. जनपदोद्ध्वंसाचा विचार शास्त्राने वैद्यास सांगितला आहे. तो चिकित्सेचाच भाग आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. नोंदवहीत ज्ञान लिहिले तर ते चोरीस जाईल, असे जाणकार वृद्ध म्हणतात. त्यांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून द्रव्याचे नाव, स्थान, ऋतू व विपुलता एवढेच लिहावे. विशिष्ट योग त्या व्यक्तीच्या स्पष्ट संमतीवाचून लिहू नयेत.

एकट्या वैद्याच्या पत्राने काय होणार, ही तिसरी शंका. संसदीय समितीपुढे उद्योगाचे म्हणणे पोचले, ते त्यांच्या संघटना होत्या म्हणून. वैद्यांच्याही संघटना आहेत. तालुक्यातील प्रत्येक वैद्याने एका द्रव्याची माहिती गोळा केली, तरी संघटनेच्या निवेदनास आधार मिळेल.

उपसंहार

२०२३ च्या सुधारणेने वैद्यास शासनाकडे सूचना देण्याच्या बंधनातून मोकळे केले. ज्यांना विचारून द्रव्य ओळखावे असे संहितांनी सांगितले, त्या संग्राहकांचे म्हणणे मात्र या प्रश्नपरीक्षेत फारसे आले नाही. ते आणणे वैद्यास शक्य आहे. कारण तेच लोक त्याच्या चिकित्सालयात येतात, त्याची भाषा बोलतात व त्याच्यावर विश्वास ठेवतात. वाचक वैद्यांनी येत्या त्रैमासिकात आपापल्या गावच्या नोंदवहीतील औषधींची नावे पडताळावीत, सुटलेली द्रव्ये व त्यांचे संग्रहकाल लिहून समितीस सादर करावेत आणि त्याची एक प्रत संघटनेच्या तालुका शाखेकडे द्यावी. पुढील मसुदा येईल, तेव्हा निवेदन लिहावयास आधार म्हणून तीच कागदपत्रे उपयोगी पडतील.